जिथे टोमॅटो, तिथे शांतता

३ मार्च

प्रिय मावशी,

युद्ध होईल का, असं तू विचारलंस. मला माहीत नाही. हे वाक्य लिहिताना पेन दोनदा थांबलं, कारण मी पदवी घेतल्यापासून आपल्या घरात मला "माहीत नाही" म्हणायची सोय उरलेली नाही. परवा नळ गळायला लागला तर बाबा म्हणाले, "ठमीला विचारा, ती शिकलेली आहे." मी अर्थशास्त्र शिकले, मावशी. त्यात नळाचा धडा नव्हता, आणि खरं सांगायचं तर युद्धाचाही अर्धाच होता.

तो अर्धा तुला सांगते. शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी फळ्यावर दोन टोमॅटो काढले होते. म्हणाले, ज्या दोन देशांत हसऱ्या टोमॅटोचं बर्गरचं दुकान आहे, ते दोन देश आजवर एकमेकांशी लढलेले नाहीत. बर्गरच्या रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला घर असतं, नोकरी असते, शनिवारचा बेत असतो. खंदकात उभं राहायला त्याला वेळ कुठला? आणि बन एका देशात भाजला, चीज दुसऱ्यात बनलं, पिशवी तिसऱ्यात छापली, तर भांडायचं कुणाशी? आपल्याच पिशवीशी? या उत्तराला मला पन्नासपैकी बेचाळीस मिळाले होते.

आता आपल्याकडेच बघ. तू लग्न करून नदीपलीकडच्या देशात गेलीस आणि काका गेल्यावरही तिथेच राहिलीस (आईने ते अजून माफ केलेलं नाही). पण तुझ्या दुकानाच्या दारावर जो टोमॅटो हसतो, तोच आमच्या चौकातही हसतो. सकाळी आमच्या बेकरीतून गाडी निघते, पूल ओलांडते, आणि आठ वाजता तुझ्या स्वयंपाकघरात आमचे बन. दुपारी रिकामे निळे क्रेट परत. टपालाला तीन आठवडे लागतात, कारण ते दोन्ही राजधान्यांना प्रदक्षिणा घालून येतं. आपली पत्रं मात्र शेवटच्या क्रेटमध्ये बटर पेपरखाली झोपून चाळीस मिनिटांत पोचतात. हेच माझं उदाहरण समज.

डिस्पॅचच्या टेबलावर माझं काम एकच: जेवढे क्रेट गेले तेवढे परत आले का बघायचं. मोठे साहेब बन विसरतील, क्रेट नाही. गेल्या वर्षी गावाबाहेरच्या एका माणसाने आमच्या क्रेटमध्ये कोंबड्या ठेवल्या होत्या. साहेब स्वतः गाडी काढून गेले, कोंबड्या एकेक करून खाली उतरवल्या आणि क्रेट घेऊन आले.

आई म्हणते, वीस तारखेपर्यंत प्रवाशांची बस चालू आहे, तोवर तू बॅग उचलून यावंस. मी तिला टोमॅटोचं सांगितलं. ती म्हणाली, "टोमॅटो दोन दिवसांत सडतो."

तुझी,
ठमी

६ मार्च

ठमे, बयो,

तुझं पत्र मी किचनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. पहिली ओळ गाळली. शिकलेली माणसं सुरुवातीला थोडा नम्रपणा घालतात, ते मला कळतं. पुढचं मात्र दोनदा वाचलं. माझ्या हाताखालच्या अकराही मुली काम थांबवून ऐकत होत्या. दोन पॅटी करपल्या, पण चालायचंच.

तळणावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "पुस्तकात आहे, परीक्षेत आलं होतं, आणि माझ्या भाचीने त्यात बेचाळीस पाडलेत." झालं! सगळ्यांचे चेहरे उजळले. या बहुतेक जणी लांबच्या गावांच्या आहेत. घरून रोज फोन, परत या, परत या. नोकरी सोडून जायचं कुणाच्याच जिवावर येत होतं. आता ठरलं, कुणी जायचं नाही. मीसुद्धा पलंगाखालची बॅग काढली, साड्या परत कपाटात लावल्या. भरलेली बॅग डोळ्यांसमोर असली की झोप लागत नाही.

ताईला सांग, टोमॅटो दोन दिवसांत सडतो हे खरं, पण दारावरचा प्लास्टिकचा आहे.

तुझी,
मावशी

(खाली, वेगळ्या अक्षरात) पत्र तपासले. हरकत नाही. यापुढे बटर पेपरच्या वर ठेवावे, शोधण्यात वेळ जातो. टोमॅटोचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. — तपासनीस, पूल.

११ मार्च

प्रिय मावशी (आणि आदरणीय तपासनीस साहेब),

आपली पत्रं वाचली जातात हे कळल्यावर आधी मी घाबरले, मग अक्षर सुधारलं.

बातमी अशी, की तपासनिसांनी टोमॅटोचा मुद्दा आमच्या ड्रायव्हरकाकांना विचारला, काकांनी तो हमालकाकांना सांगितला, आणि हमालकाकांच्या पोटात काही राहत नसल्यामुळे तो मोठ्या साहेबांपर्यंत गेला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं क्रेट कमी पडला. तर म्हणाले, "हे तू शोधलंस?" मी म्हटलं, "नाही, आमच्या सरांनी शिकवलं." "एकच झालं. अठ्ठावीस तारखेला दुपारी बाराला चौकातल्या दुकानाची नवी इमारत उघडतेय. टोमॅटोचे बडे लोक येणार आहेत. तू भाषण करायचंस." मावशी, बड्यांना भाषण आवडलं तर त्यांच्या मुख्य कचेरीत जागा आहे म्हणे! कागदी पिशव्यांवर ओळसुद्धा छापायला गेली: "जिथे टोमॅटो, तिथे शांतता." ओळ माझी आहे. बाबांनी नमुन्याची पिशवी भिंतीवर लावली आहे, पदवीच्या शेजारी.

आणि सिद्धांताला पुरावासुद्धा मिळतोय. व्यापार वाढतोय! या आठवड्यात तुमच्याकडची मागणी दुप्पट झाली, आमच्याकडचीही. भट्टी थांबत नाही. लोक घाबरले असते तर बर्गर खाल्ले असते का?

हमालकाका विचारतात, त्यांच्या घरावरून गेलीस का कधी? त्यांचं बिऱ्हाड तुझ्याच गल्लीच्या टोकाला आहे. रोज घरापासून दोनशे पावलांवर क्रेट उतरवतात आणि लगेच परत फिरतात, कारण पुलावर नियम झाला आहे: गाडीबरोबर दोन गेले की दोनच परत यायला हवेत. मोजतात.

आई बॅगेचं विचारत होती. मी सांगितलं, उघडली. तिने भांडी जोरात ठेवली.

तुझी,
ठमी

१७ मार्च

ठमे,

भाषण करणार? अगं, आपल्या घरात आजवर भाषण फक्त तुझ्या आजोबांनी केलं होतं, तेही चुकून दुसऱ्याच्या लग्नात.

धंद्याचं म्हणतेस ते अगदी खरं. एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नाही. सगळे पुरुष, सगळ्यांचे केस एकाच न्हाव्याने कापल्यासारखे. बसत नाहीत, उभ्याने खातात. एकटा माणूस येतो आणि ████ बर्गर मागतो. काल एकाने विचारलं, "हे दोन दिवस टिकतील का?" मी म्हटलं, "दादा, इतक्या लांब कुठे निघालात?" तो हसला आणि टोमॅटोसारखा लाल झाला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. त्याला मी सॉसच्या दोन पुड्या जास्त दिल्या.

समोरची काच पुसताना तिला जरा तडा गेला, बाकी ठीक. वीस तारखेला शेवटची बस आहे म्हणे. जाऊ दे बिचारी. आपल्याला काय करायचं आहे?

तुझी,
मावशी

(खाली) पत्र तपासले. संख्या लिहू नये. एका ठिकाणी शाई फासली आहे, गैरसमज नसावा. — त. पू.

२२ मार्च

मावशी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फार हुशार झाली होती.

तुझ्या पत्रातल्या त्या काळ्या चौकोनाकडे मी दिवसभर बघत बसले. बर्गरचा आकडा का लपवायचा? क्षेपणास्त्राचा लपवतात, हे मी समजू शकते. मग मी डिस्पॅचची वही उघडली आणि वाढलेली मागणी कुठून आली ते पाहिलं. आमच्याकडचे नवे पत्ते असे आहेत: "मैदान, दक्षिण बाजू." "शाळेची इमारत, मुलं नाहीत." "टेकडीमागे, शिपाई भेटेल." पाच हजार बन टेकडीमागे जात होते आणि मी त्यासमोर बरोबरची खूण करून वर छोटं हसरं तोंड काढत होते. युद्ध येतंय हे वर्तमानपत्राच्या आधी माझ्या वहीला कळलं होतं. फक्त वही लिहिणारीला कळलं नव्हतं.

कालपासून आमच्या चौकातल्या टोमॅटोने हेल्मेट घातलंय. खरंच. आपल्याच सैन्याचं. खाली लिहिलंय, "जवानांना एकावर एक मोफत." आणि ते बर्गर "जिथे टोमॅटो, तिथे शांतता" छापलेल्या पिशवीतून देतात.

ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, तुमची काच पुसताना फुटलेली नाही. दगड होता. ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? पण तुला बोलायला मला तोंड नाही. वीस तारखेची बस तू माझ्यामुळे सोडलीस. "मला माहीत नाही" हे खरं उत्तर होतं, आणि ते पहिल्या ओळीत लिहून मी पुढे दोन पानं त्याच्यावर पाणी ओतलं. सिद्धांत खोटा होता असंही मला म्हणता येत नाही. तो परीक्षेपुरता होता. त्यात सरांनी टोमॅटोला कुणाची बाजू घेतोस असं विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही.

तीस तारखेपासून पूल मालाच्या गाड्यांनाही बंद होणार आहे. तोवर एकच वाट आहे. मदतनिसाची सीट. हमालकाका त्यांची जागा द्यायला तयार आहेत. बॅग भर. मी पाया पडते.

ठमी

(खाली) पत्र तपासले. टेकडीचा उल्लेख खोडायला हवा होता, नजरचुकीने राहिला. मावशींनी लवकर यावे, हे माझे खासगी मत. — त. पू.

२५ मार्च

ठमे,

पाया काय पडतेस? मी काय देवळात बसले आहे? इथे तळणाजवळ उभी आहे आणि घाम पुसायला वेळ नाही.

आमच्या टोमॅटोलाही हेल्मेट आहे. दगड पडला त्याच संध्याकाळी मालकाने चढवलं, इथल्या सैन्याचं. खाली लिहिलंय, "आपला टोमॅटो." तुमचा तुमच्याकडून लढतोय, आमचा आमच्याकडून, आणि दोघांच्या पोटात बन तुमच्याच बेकरीचा. तुझ्या सरांनी फळ्यावर दोन टोमॅटो काढले ना? माझ्या आईला शाळा माहीत नव्हती, पण ती सांगायची, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तिला कुणी पन्नासपैकी गुण दिले नाहीत एवढंच.

रागावले नाही गं. बेचाळीस हे चांगलेच गुण आहेत.

पण मी येणार नाही. कारण नीट वाच. मी एकटी असते तर आजच क्रेटमध्ये बसून आले असते. पण या अकरा जणींना मी थांबवलंय. त्यांच्या आया फोनवर रडत होत्या आणि मी फोन हातात घेऊन सांगितलं, "काही होत नाही, माझी भाची शिकलेली आहे." आता मी बॅग घेऊन मागच्या दाराने निघाले तर त्या काय म्हणतील? त्यांना गावी जायला अजून आगगाडी आहे. मी कालपासून सांगतेय, निघा. तर मला म्हणतात, "मॅडम, तुम्हीच तर वाचून दाखवलंत. तुम्हाला आता कुणी तरी घाबरवलंय." माझं सातवीचं शिक्षण. माझ्या भीतीला किंमत नाही, तुझ्या पत्राला आहे. तू कागदावर काहीही पाठवलंस तरी म्हणतील, मॅडमनेच लिहून आणलं. तळणावरची तर म्हणाली, "भाचीने समोर येऊन सांगितलं तर मानू." म्हणजे घोडं तिथेच अडलं.

भाषण छान कर. लांबवू नकोस. आजोबांचं लांबलं होतं.

तुझी,
मावशी

(खाली) पत्र तपासले. काही म्हणायचे नाही. — त. पू.

२८ मार्च

आई,

हे पत्र तुला बटर पेपरखालून काढावं लागणार नाही. जी बाई तुझ्या दारात उभी राहून हे देते आहे, ती तुझी बहीण आहे. तिला आधी पाणी दे, मग भांड.

सकाळी मी बेकरीत जाते म्हणून निघाले ते खोटं नव्हतं. गेलेच होते. साहेब नव्या इमारतीवर फुगे बांधून घेत होते. मी ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसले, हमालकाकांची टोपी घातली आणि गाडीबरोबर पुलावर पोचले. तिथे तपासनीस पहिल्यांदा दिसले. मला वाटलं होतं उंच, कडक असतील. बुटके आहेत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी टोपीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "मदतनीस का?" मी मान हलवली. "बेचाळीस गुणवाला?" मी पुन्हा मान हलवली. त्यांनी वहीत लिहिलं, "गेले: दोन", आणि फाटक उघडलं.

मावशी मला बघून ओरडली. काय ओरडली ते लिहीत नाही, ते तपासनिसांना वाचावं लागेल.

भाषण बाराला होतं, ते मी बाराला दिलं. इथल्या स्वयंपाकघरात, एक क्रेट उलटा करून त्यावर उभी राहून. मुख्य कचेरीसाठी चार पानं लिहिली होती, त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. मी म्हणाले, "मी ती भाची. युद्ध होईल का ते मला माहीत नाही. आधीही माहीत नव्हतं. तुम्ही माझ्या भरवशावर थांबलात आणि तो भरवसा एका पेपरातल्या उत्तराचा होता. तुमच्या आया बरोबर आहेत. आज गाडी आहे, घरी जा." मग तळणावरच्या मुलीने विचारलं, "म्हणजे मॅडमने पहिली ओळ गाळली होती?" मावशी म्हणाली, "गाळली होती." ती मुलगी हसायला लागली, मग सगळ्या, आणि हसता हसता दोघी-तिघी रडल्या. एकीने तळण बंद केलं. इतका वेळ त्याचा आवाज चालू होता हे तो थांबल्यावर कळलं. आता अकराही जणी स्टेशनकडे गेल्या आहेत. जाताना बनच्या पिशव्या घेऊन गेल्या. त्या पिशव्यांवर माझी ओळ आहे. मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

आता नीट ऐक आणि घाबरू नकोस. दोन गेले, दोनच परत यायचे. म्हणून आज ड्रायव्हरकाकांच्या शेजारी मावशी बसली आहे, हमालकाकांच्या टोपीत. तिला ती माझ्यापेक्षा शोभते. उद्या शेवटची गाडी. तिच्याबरोबर हमालकाका येतील आणि इथेच, त्यांच्या घरी, राहतील. त्यांच्या बायकोला मी निरोप दिला. तिने दार उघडं ठेवलंय. त्यांच्या जागी मी परत येईन. दोन गेले, दोन आले. तपासनीस साहेब, तुम्ही हे वाचत असालच. मोजणीत फरक पडत नाही, तेवढं बघा.

तू विचारशील, आणि उद्याची गाडी आलीच नाही तर? साहेब कालच म्हणत होते, शेवटच्या दिवशी धोका कशाला, उद्याची खेप रद्द करू. मीही याचा विचार केला. व्यापारामुळे युद्ध थांबतं का, याचं उत्तर मला आता कुणी विचारलं तर मी पेपर कोरा देईन. पण आमच्या साहेबांना मी दोन वर्षं ओळखते. त्यांनी कोंबड्या उतरवल्या होत्या. म्हणून मी आज गाडीत रिकामे क्रेट चढवू दिले नाहीत. साठच्या साठ मोजून मागच्या खोलीत रचले, दाराला कडी लावली, आणि ड्रायव्हरकाकांजवळ साहेबांसाठी चिठ्ठी दिली, की क्रेट सुखरूप आहेत, उद्या येऊन घेऊन जावेत.

आत्ता मी त्यांतल्याच एकावर बसून लिहिते आहे.

तुझी,
ठमी